घोटाहून कमी

कशिशने पेल्यात दोन चमचे पाणी ओतले आणि पेला भिमाजींच्या उजव्या हातात दिला.

“काका, एक सिप. फक्त एक सिप घ्यायचा.”

भिमाजींनी पेला तोंडापासून वीतभर उंच धरला, मान मागे टाकली आणि तोंड उघडले. कशिशने त्यांचा हात वरच्या वर धरला. तरी थोडे पाणी सांडलेच. हनुवटीवरून ओघळून ते दवाखान्याच्या निळ्या झग्यात मुरले.

“असं नाही, काका. ओठ पेल्याला लावा. मान खाली.”

“नाना, मॅडम काय सांगतायत ते ऐका ना,” सुनील म्हणाला.

भिमाजींनी मुलाकडे पाहिले. चेहऱ्याची डावी बाजू लोंबत होती. ते रागावले आहेत की नाही, हे आता फक्त उजव्या भुवईवरून कळायचे. ती वर गेली होती.

मातोरीच्या मळ्यात शेवंतीला पाणी देताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. तेव्हापासून ते गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यात होते आणि पोटात जाणारे सगळे नाकातल्या नळीतून जात होते. ती नळी त्यांनी दोनदा उपसून काढली होती. गिळता येत नसेल तर पोटाला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी त्यांच्या पायाशी उभे राहून सांगितले होते. भिमाजींनी ते ऐकले होते. पोटाला हात लावू देणार नाही, असे त्यांनी जड जिभेने दोनदा बजावले होते. आता सगळे या मॅडमच्या पाण्यावर अवलंबून होते. गिळायला शिकवणे हे तिचे काम होते.

“सिप म्हंजे घोटच ना?” आक्काबाईने विचारले. भिमाजींची ही बायको पायथ्याच्या स्टुलावर बसली होती.

“घोटाहून कमी, मावशी.”

“चूळ भरतो तेवढं?”

“चूळ तर खूपच झाली.”

“मंग चहाचा भुरका म्हना की. बशीला व्हट लावत्यात ते. ते जमंल त्यांना.”

“भुरका नको. भुरक्याबरोबर वारा आत जातो, ठसका लागतो. ओठ भिजले, जीभ भिजली, एवढंच पाणी. मग तोंड बंद, हनुवटी छातीशी, आणि गिळायचं.”

“एवढुसं पानी पितंय कोन?”

“चिमनी,” भिमाजी म्हणाले.

शब्द लडबडत आला, पण समजला. कशिश मोठ्याने हसली. आक्काबाईही पदर तोंडाशी नेऊन हसली.

“आमच्या घरी पाणी बसून, तीन दमात प्यायला लावायचे,” कशिश म्हणाली. “घाई केली की आजीचा धपाटा.”

“आमच्यात व्हट लावला की धपाटा,” आक्काबाई म्हणाली.

ते खरे होते. भिमाजींच्या घरात पाणी वरून प्यायचे. तांब्या असो, पेला असो, फुलबाजारातल्या माठावरचा डाव असो. भांड्याला ओठ लागला की ते उष्टे. सुनीलने लहानपणी एकदा तांब्याला तोंड लावले, तेव्हा भिमाजींनी तो तांब्या त्याच्याकडूनच राखेने घासून घेतला होता. साऱ्या जन्मात त्यांनी पाण्यासाठी मान खाली घातली नव्हती.

“मान मागे गेली की श्वासाची नळी उघडी राहते,” कशिशने सुनीलला समजावले. “पाणी सरळ फुप्फुसात. रिकाम्या पेल्यावर सवय करून घ्या. उद्या सकाळी मी परत बघते.”

ती गेल्यावर सुनील खाटेवर बसला आणि रिकामा पेला वडिलांच्या हातात देत राहिला. पेला वर जायचा, मान मागे जायची. तो हाताने मान खाली दाबायचा, भिमाजी त्याचा हात झटकायचे.

“नाना, पोटाला भोक पाडून घ्यायचंय का तुम्हाला? मग मान का वर करता?”

“मी नाय करत,” भिमाजी म्हणाले.

त्यांना ते खरेच वाटत होते. सुनील उठला आणि खाली निघून गेला. टपरीवर त्याने पाण्याची बाटली घेतली, झाकण काढले, मान मागे टाकली आणि बाटली वरून तोंडात ओतली. दोन घोट आत गेल्यावर तो थांबला. तसाच उभा राहिला. मग बाटली कठड्यावर ठेवून वर आला.

दारातच त्याचे पाय अडखळले. आक्काबाई खाटेवर, भिमाजींच्या समोर बसली होती. हातात तोच पेला, पाण्याने भरलेला. तिने पेल्याच्या काठाला ओठ लावले, हनुवटी खाली घेतली आणि थेंबभर पाणी आत ओढले. आईला वडिलांच्या समोर पाणी पिताना सुनील पहिल्यांदाच पाहत होता. ती नेहमी सगळ्यांची जेवणे झाल्यावर, चुलीकडे तोंड करून प्यायची.

“असं,” ती म्हणाली. उरलेले पाणी तिने बेसिनमध्ये ओतले आणि रिकामा पेला नवऱ्यापुढे धरला.

“उष्टा हाय,” भिमाजी म्हणाले.

“आसू द्या.”

“तुझा.”

“माझाच हाय. दुसऱ्या कुनाचा नाय.”

भिमाजींनी बराच वेळ पेल्याकडे पाहिले. मग मान न उचलता त्यांनी काठाला ओठ लावले. सुनील दारातून मागे सरला आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसला.

सकाळी कशिशने त्यांच्या बोटाला चिमटा लावला. बाजूच्या यंत्रावर आकडे हलू लागले. तिने पाणी ओतले. भिमाजींनी पेला हातात घेतला आणि आधी आक्काबाईकडे पाहिले. मग काठाला ओठ लावले. हनुवटी छातीला टेकलेली होती. ओठ भिजले, थोडेसे पाणी आत गेले, तोंड बंद झाले. कंठमणी वर सरकला आणि खाली आला.

“वा, काका!” कशिश म्हणाली.

सुनीलने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

भिमाजींच्या छातीतून आधी घरघर आली. मग ठसका लागला आणि थांबेचना. ओठ काळसर पडले, यंत्र टिटी करू लागले. नर्स धावत आली. तिने तोंडात नळी घालून पाणी ओढून काढले, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. यंत्र गप्प व्हायला वेळ लागला. तोवर आक्काबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, लहान मुलाला उचकी लागल्यावर फिरवतात तसा.

कशिशने सुनीलला बाहेर बोलावले. पाठोपाठ आक्काबाईही दाराशी आली.

“मान उचलली का त्यांनी?” सुनीलने विचारले.

“नाही. अगदी बरोबर घेतला. याहून नीट सिप मला कुणाला शिकवता येणार नाही.”

“मग?”

“गिळणारे स्नायूच चालत नाहीत, भाऊ. आतलं आहे ते. दुपारी डॉक्टर पोटाच्या नळीचं बोलतील तुमच्याशी.”

“उद्या परत एकदा बघू ना, मॅडम.”

“सिप चुकला असता तर परत बघितलं असतं,” कशिश म्हणाली. मग ती पिशवी आणायला आत गेली.

मायलेक तिच्या मागोमाग आत आले. भिमाजी जागे होते. नर्सने मास्क काढून बाजूला ठेवला होता. त्यांनी तिघांकडे पाहिले आणि विचारले,

“चुकलं?”

सुनीलने तोंड उघडले.

“चुकलं,” आक्काबाई म्हणाली. “मान वर केली तुम्ही.”

“नाय केली.”

“केली. मी पाह्यलं.”

भिमाजींची भुवई चढली. आपण चुकलो, असे या बाईने लोकांदेखत आजवर कधी म्हटले नव्हते. त्यांनी कशिशकडे पाहिले. ती पिशवीची चेन लावत होती. चेन अडकली होती. सुनील खिडकीकडे वळला.

हळूहळू भुवई खाली आली.

“इसरलो आसंन,” भिमाजी म्हणाले. त्यांनी हनुवटी छातीकडे नेली. “आशी?”

आक्काबाई स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली.

“आजून खाली,” ती म्हणाली.