भरतीच्या वेळचा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे, पेनासारखी, खिशाला लावायची. माझी क्लिप कधीच तुटली. कमरेला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून मी दिवस काढते आहे. नवे डॉक्टर मोबाइलचाच उजेड पाडतात. सुचित्रा डॉक्टर मात्र अजून मला जवळ बाळगतात. त्यांच्या हातून मी कितीतरी घसे पाहिले, डोळे तर त्याहून जास्त. डोळ्यावर उजेड पडला की आतली बाहुली लाजाळूच्या पानासारखी आक्रसते. ती आक्रसली की मला धन्य वाटतं.

नामदेवकाकांची बाहुली हललीच नाही.

काका करावे गावचे, खाडीत जाळं टाकणारे. होडी ओढताना कोसळले आणि मेंदूत रक्त पसरलं. आता दवाखान्यातलं यंत्र त्यांची छाती वरखाली करत होतं. गोजराकाकू पायाशी उभ्या राहून नवऱ्याला टोमणे मारत होत्या, "कामाचे वखताला यांना बरी झोप लागते! आवो, उठा. जालं काय मी एकटीनं शिवू?"

डॉक्टरांनी घशातली नळी हलवून पाहिली, ठसका नाही. बुबुळाला कापूस टेकवला. पापणी हलली नाही. यंत्र थोडं थांबवलं. श्वास आला नाही. मला पेटवलं, काहीच नाही.

"काकू, यांचा मेंदू कायमचा थांबलाय. काही तासांनी आम्ही पुन्हा तपासू. पण आशा नाही."

"आता सुकती हाय, बाय," काकू म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. "सुकतीला जीव आत वडला जातो. भरतीला बगा."

"आई, हॉस्पिटल आहे हे, बंदर नाय," त्यांचा मुलगा रूपेश पुटपुटला.

डॉक्टर हसल्या नाहीत. "भरती कधी, काकू?"

"दुपारी. जेवनाचे वखताला."

"मग तेव्हाच तपासू."

दुपारी खाडी भरली. पुन्हा सगळं पाहून झालं, शेवटी माझी पाळी आली. सेलमध्ये होता नव्हता तेवढा जीव मी उजेडात ओतला, मित्रांनो! बाहुली तशीच राहिली, काळी आणि रुंद. उजेड पाडणं माझं काम. डोळ्यामागचा दिवा लावणं माझ्या हाती नाही.

काकूंनी हात पुढे केला. "द्या हिकरं." डॉक्टरांनी मला त्यांच्या मुठीत दिलं. काकू वाकल्या, नवऱ्याच्या डोळ्यात खूप वेळ पाहत राहिल्या.

"यात मी दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पन यांना मी दिसत नाय."

मग त्यांनी विचारलं, "दुखतंय का यांना?"

"नाही, काकू."

"तरी डोलं सुकू देव नका. प्रिया करंजाड्याहून निंगालीय. लेकीला बाप नीट दिसू दे."

नर्सने डोळ्यांत थेंब घातले. काकूंनी ओल्या कापसाने नवऱ्याचे ओठ पुसले, केस विंचरले. रूपेश भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मित्रांनो, ज्याला उजेड कळत नाही, त्याच्याही ओठांना ओला कापूस लावा. त्याच्या खाटेशी हळू बोला. आणि त्याच्या पायाशी कुणी उभं असेल, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्या. मी दिली असती. मला हात नाहीत.