वडनेर भोलजीचे विरजण

मी एक जुने दह्याचे गाडगे आहे, मित्रांनो. काठाचा एक टवका उडालेला, पोट जरा वाकडे. हसू नका. वाकडे पोट घेऊन फिरणारी माणसे तुमच्याही घरात असतील.

माझा जन्म वडनेर भोलजीचा. रुखमाबाई कुंभारणीने मला थापून थापून गोल केले आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळात भाजले. भट्टी उघडली तेव्हा गावातल्या विमलबाई आल्या. त्यांनी ओळीतल्या सगळ्यांना बोटाने वाजवून पाहिले, माझ्यापाशी दोनदा थांबल्या, नाक मुरडले आणि नेमके मलाच उचलले. हवी असलेली वस्तू माणसे आधी नावे ठेवून मगच घेतात, हे मला तेव्हाच कळले.

विमलबाईंकडे माझे दिवस छान गेले. संध्याकाळी कोमट दूध माझ्यात यायचे. त्यात आदल्या दिवशीचे चमचाभर दही, म्हणजे विरजण, कालवायचे आणि मला पोत्याच्या घडीवर ठेवायचे. सकाळी दह्यात चमचा उभा राहायचा. जास्तीचे पाणी मी गुपचूप पिऊन टाकायचे, शाबासकी मात्र म्हशीला मिळायची. ते विरजण विमलबाईंनी लग्नात माहेरहून आणलेले. रोज थोडे मागे ठेवायचे, रोज पुढे लावायचे. वैशाखातही ते आंबट होत नसे.

त्यांचा मुलगा देवेश चिखलीला बँकेत लागला. तेव्हा विमलबाईंनी मला दह्यासकट सुनेच्या, सुलभाच्या, हाती दिले आणि स्वतःसाठी दुसरे गाडगे आणले. "पोरी, हे मोडू नको," त्या म्हणाल्या. मला वाटले माझ्याबद्दल बोलतात. त्या विरजणाबद्दल बोलत होत्या.

सुलभाने सुरुवातीला हौसेने दही लावले. पण तिची शाळा सकाळची, त्यात तपासायच्या पेपरांचे गठ्ठे. एके दिवशी देवेशने दुकानातून दह्याचा डबा आणला. मग रोजच आणू लागला. सुलभाने मला माळ्यावर मिक्सरच्या खोक्यामागे सरकवले. रविवारी घासू, असे ती म्हणाली होती. तो रविवार काही उगवला नाही.

विमलबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "विरजण हाय ना?" आणि सुलभा म्हणायची, "आहे ना, आई!" दर वेळी तिचा आवाज थोडा मोठा व्हायचा.

यंदाच्या चैत्रात विमलबाई एसटीने चिखलीला आल्या. सुलभाने डब्यातले दही वाटीत काढून पुढे ठेवले. विमलबाईंनी एक घास घेतला आणि थांबल्या.

"काऊन वं सुलभा, हे दही कोठचं होय?"

"घरचंच आहे, आई."

"कोणाच्या घरचं?"

देवेश मान खाली घालून जेवू लागला. एरवी तो इतके मन लावून जेवत नाही.

सुलभाचा चेहरा उतरला. "दुकानातलं आहे. तुमचं विरजण मोडलं माझ्याकडून."

आता वाजणार, म्हणून मी माळ्यावर कान टवकारले. पण विमलबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "माह्यंबी गेलं वं. हिवाळ्यात लेकीकडे राह्यली. आली तं गाडग्यात हिरवी बुरशी. तुह्याकडे असंन म्हणून तं धावत आली."

"मग फोनवर रोज विचारत होतात ते?"

"मंग काय करू? माह्यं गेलं हे सांगाले लाज वाटे!"

माहेराहून आलेले ते दही आता कुठेच नव्हते.

"गाडगं कोठी हाय?" विमलबाईंनी विचारले.

सुलभाने मला खाली काढले आणि ती ओशाळली. "घासायचं राहिलं हो, आई." माझ्या तळाशी जुन्या दह्याची पापडी सुकून चिकटली होती.

विमलबाईंनी थेट आत नाक घातले. "बुरशी नाही. वाळलं तेवढं. आळशी हायेस तू, बरं झालं!"

त्यांनी माझ्यात कोमट दूध ओतले. पापडी भिजू लागली. तिच्यात जीव आहे की नाही, हे मलाही कळेना. देवेश सारखा झाकण उचलायला येई.

"हलवू नको बे! तुह्या बापालेबी धीर नव्हता."

सकाळी दूध दूधच होते. दुपारी ते जरासे धरले, पण तार सुटत होती. विमलबाईंनी त्यातले चमचाभर काढले आणि ताज्या दुधाला लावले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले, तर दही घट्ट! विमलबाईंनी चाखले. मग उरलेला चमचा त्यांनी सुलभाच्या तोंडाशी नेला. "हेच होय. ओळखून ठेव."

निघताना त्यांनी दह्याची लहानशी डबी पिशवीत जपून ठेवली.

"पुन्हा मोडलं तर?" सुलभाने विचारले.

"तं मी देईन. अन् माह्यं मोडलं तं?"

"तर मी देईन. पण मोडलं की लगेच सांगायचं, आई."

"हाव. तूबी."

मित्रांनो, मी आता ओट्यावर असते. मला घासा, उन्हात वाळवा, जपून उचला. पण त्याआधी एक करा. दही कितीही गोड लागले, तरी तळाचा चमचा वाटीत घेऊ नका. तो खाल्लात तर तुमचे पोट आज भरेल, पण माझे उद्या रिकामे राहील.