डोक्यावरच्या ओढणीची तक्रार

मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की मला डोक्यावर घेताना सुखदाने मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं. केस नीट झाकले का, हे नाही. मी शोभते का, हे. मला जरा मागे सारून तिने दोन बटा बाहेर काढल्या आणि मग म्हणाली, "चला, प्रार्थना करू या."

मी तीच पांढरी ओढणी बोलतेय. बोलण्याची मला सवय नाही. माझं सूत तलम, दार आपटलं तरी दचकते मी. पण आता राहवत नाही.

माझा जन्म इकडे कानडी मुलखातल्या शहरात, राजाजीनगरातल्या दोन खोल्यांच्या घरातला. सुखदाच्या आईच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीला इस्त्रीचा डाग पडला. आईने डाग कापून टाकला आणि उरलेल्यातून दोन ओढण्या बेतल्या. एक थोरल्या सुचेताला, म्हणजे अक्काला, आणि दुसरी मी, सुखदाला.

आई बेळगावकडची. प्रार्थनेआधी पाय धुवायची, चपला उंबऱ्याबाहेर काढायची. मुलींना तिची शिस्त एकच. "आधी गप्प बसायचं. कुणापुढं बसलोय ते कळल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." आठ वर्षांच्या सुखदाने विचारलं होतं, किती वेळ गप्प बसायचं? आई म्हणाली, "भीती वाटेपतोर."

ती भीती माराची नव्हे. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं उतरवताना हात जसा आपोआप जपून चालतो, तशी ती भीती. मला ती ठाऊक आहे. लहानपणी सुखदाच्या टाळूवर मी ती कितीदा अनुभवली आहे.

मग आई गेली. दोघी बहिणींना आता एकमेकींशिवाय माहेर उरलं नाही. सुखदाला आयटीत नोकरी लागली, सर्जापूर रोडला फ्लॅट आला, आणि आमच्या चर्चच्या मराठी मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा मोबाइलवर भरू लागली. प्रार्थना सुखदा चालवायची. छान बोलायची, लोक तसं लिहून कळवायचे, आणि ही डोळे मिटायचे सोडून ते वाचत बसायची. पायात चपला, कॉफीचा मग शेजारी. गप्प बसणं तर कधीच सुटलं होतं. मी वर तापत असायची, पण ओढणीचं कोण ऐकतं?

एका मंगळवारी अक्काचा फोन आला. आधी हसली, मग रडली. दयानंद भावजी गेली चार वर्षं पीत होते, हे तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आता दोन महिने थेंबाला शिवले नव्हते. "कुणाला बोलू नकोस गं. स्वल्प धीर धरलाय त्यांनी."

आणि बुधवारी माझ्याखाली, माझ्या देखत, सुखदाचा आवाज भरून आला. "हे प्रभू, माझ्या बहिणीच्या घरातून दारू काढून टाक. दयानंद भावजींना सोडव."

मी विचारते, देवाला हे ठाऊक नव्हतं? मग ती सांगत कुणाला होती? मी घसरले. खरंच घसरले, खांद्यावर आले. तिने मला परत वर ओढलं आणि पुढे चालू ठेवलं. चाळीस घरांतून "आमेन" आलं.

शुक्रवारी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, पद्माकरकाका यशवंतपूरला दयानंदच्या कांद्याच्या वखारीत पोचले. हमालांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी अर्धा तास व्यसनावर उपदेश केला. त्या संध्याकाळी दयानंद पिऊन घरी आला.

अक्काने फोनवर आवाज चढवला नाही. "मी बहिणीला सांगितलं होतं, सुखे. तू ते देवाला नाही सांगितलंस, गावाला सांगितलंस. आता देवालाच फोन करत जा, मला नको."

त्यानंतर तीन आठवडे अक्का उपासनेला आली नाही, फोन घेतला नाही. सुखदा आरशासमोर पुटपुटायची, "मी तर प्रार्थनाच केली." म्हणे प्रार्थनाच केली! मला उसवून टाकावंसं वाटायचं स्वतःला.

आज महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. पाळकसाहेब दर महिन्याला म्हणतात तेच म्हणाले: ज्याच्याविरुद्ध कुणाच्या मनात काही असेल, त्याने आधी जाऊन समेट करावा, मग या मेजाजवळ यावं. सुखदाने हे शेकडो वेळा ऐकलंय. पण आज भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं आणि माझ्याखाली तिचं डोकं झुकलं. तिने ताट न घेता पुढे सरकवलं. शेजारच्या प्रतिमामावशींनी बरं नाही का विचारलं, तोवर ती उठून बाहेर आली होती.

आता ती चर्चच्या पायऱ्यांवर बसली आहे. चपला काढून बाजूला ठेवल्यात. मला कपाळापर्यंत ओढून घेतलंय, कॅमेऱ्यात न पाहता. चार वेळा फोन लावला. दोनदा वाजून वाजून थांबला, दोनदा पलीकडून कापला गेला.

माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवते. आणि तुम्हीही ऐका, डोकं झाकून प्रार्थना करणाऱ्यांनो. मला घडी घालून कपाटात टाकलंत तरी चालेल, पण दुसऱ्याची लाज देवाच्या नावाने माझ्याखालून बाहेर काढू नका. ज्याच्यापुढे बसता, त्याचा धाक नसेल तर मी नुसतं फडकं आहे.

पाचव्यांदा लावलेला फोन पलीकडे वाजतोय. माझं टोक तिच्या मुठीत घामाने भिजलंय.

वाजणं थांबलं. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. सुखदाने तोंड उघडलं, आणि मिटलं. एक शब्द नाही. माझ्याखाली, कित्येक वर्षांनी, तीच जुनी भीती.

कुकरच्या आणखी दोन शिट्ट्या झाल्या.

"गप्प बसलीयस न्हवं?" अक्का शेवटी म्हणाली. "सरी, बरं. आता बोल."