पाढ्यांच्या खो-खोचा वृत्तांत, चौथ्यांदा

पहिल्यांदा

रविवार, १६ ऑगस्ट १९५३. मंडळाच्या मराठी वर्गात पाढ्यांचा खो-खो रंगला. एका संघाने रांगेत उलटसुलट तोंडं करून बसायचं. दुसऱ्या संघाचा कप्तान पाठीवर थाप मारणार, ‘खो’ म्हणून पाढ्यातला सवाल टाकणार. बसलेल्याने उठून उत्तर द्यायचं. पंचांचे सात आकडे मोजून होईपर्यंत उत्तर आलं नाही, तर बाद. मग संघांची अदलाबदल. सामना अटीतटीचा झाला. जयंतचा संघ एका गड्याने जिंकला. खेळता खेळता पाढे पक्के व्हावेत हा हेतू सफल झाला.
— प्रतिभाबाई, पंच

(मंडळाच्या हस्तलिखितासाठी लिहिलं. एकही वाक्य खोटं नाही. फाडलं.)

दुसऱ्यांदा

एका गड्याने जिंकला, तो गडी म्हणजे शकुन. वय नऊ. वडील श्यामराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये. पोरगी इथे बंगालमध्येच जन्मली. शाळा, शेजार, भांडणं, सगळं बंगालीत. वर्गात आणून सोडताना श्यामराव म्हणाले होते, “बाई, दिवाळीत हिला साताऱ्याला आजीकडे नेणार. आजी पत्रात एकच विचारते, नात माझ्याशी बोलेल ना?”

संघ पाडतानाच शकुनकडे बोट करून जयंत ओरडला, “रसगुल्ला तुमच्याकडे, बरं का!” तो पुण्याहून येऊन सहा महिने झालेले. बँकेतल्या साहेबांचा मुलगा, मराठी खणखणीत.

शकुन रांगेत शेवटची, माझ्या खुर्चीलगत. तोवर दोन्हीकडचे बाद सारखे. जयंतने थाप मारली, जरा जोरातच.

“खो! नऊ सक?”

शकुन उठली. डोळे मिटले. उघडले.

“चुआन्नो!”

हॉलभर हशा. मी शिट्टी फुंकली.

“बाद.”

“पण बाई, बरोबर आहे ना?”

“चोपन्न म्हणायचं. नियम तीन.”

नियम तीन : उत्तर मराठीतच. हा नियम खो-खोत नाही. त्याच सकाळी फळ्यावर मीच लिहिला, कारण

(कारण सापडेना. फाडलं.)

तिसऱ्यांदा

मीही हसले होते.

हे आधीच्या दोन्ही वृत्तांतांत राहून गेलं. मुलं हसली, तशी मीही. शिट्टी फुंकण्याआधी.

अजून एक राहिलं. पंच म्हणून मी मोजत होते. ओठांतल्या ओठांत, जयंतने सवाल टाकल्यापासून. एक, दुइ, तिन.

माझा जन्म इथल्याच भवानीपूरचा. स्वेटरचे टाके मी बंगालीत मोजते. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. मराठी मी बोलते, शिकवते. मोजायची वेळ आली की जीभ आपणहून शाळेतल्या बाकावर जाऊन बसते. हे मला ठाऊक होतं. नियम लिहितानाही ठाऊक होतं. पुण्याच्या मुलांसमोर, त्यांच्या आयांसमोर

शकुनने डोळे उघडले तेव्हा ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

पुढच्या रविवारी ती आली नाही. श्यामराव पाढ्यांचं पुस्तक परत द्यायला आले.

“पोट दुखतंय म्हणते. तेवढंच नाही, बाई. आता साताऱ्याला यायचंच नाही म्हणते. विचारलं, का गं? तर म्हणे, आजीसुद्धा हसेल.”

मी पुस्तक घेतलं नाही. म्हटलं, “एकदाच पाठवा. खेळायला नको. पंच म्हणून.”

चौथ्यांदा

रविवार, ३० ऑगस्ट. पंच : शकुन. तिच्या फ्रॉकची बाही चघळून ओली झालेली. मी शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली आणि रांगेत जाऊन बसले. गुडघे कडकडले. पोरांना चेव आला.

“बाईंना मी खो देणार!” जयंतच.

मी ठरवून आले होते. सवाल कुठलाही येवो, उत्तर बंगालीत द्यायचं आणि मग सगळ्यांना सांगायचं की त्या दिवशी पंच कशात मोजत होत्या. पण दाराशी श्यामराव उभे होते, दोन आया होत्या, आणि मनात आलं, मराठीतच देऊन टाकावं. कुणाला काय कळणार?

“खो! बारा आठे?”

“छियानोब्बोइ.”

मी म्हटलं नाही. ते आलं. ठरवलेलं धैर्य आणि ऐनवेळची पळवाट, दोन्ही बाजूला सारून आलं.

जयंत नाचायलाच लागला. “बाद! बाई बाद! शहाण्णव म्हणायचं! नियम तीन! अगं, वाजव ना!”

शकुनच्या तोंडात शिट्टी. गाल फुगलेले. मी तिच्याकडे पाहत राहिले. वाजव, मनात म्हणत होते. जोरात वाजव, खिदिरपूरपर्यंत ऐकू जाऊ दे.

तिने शिट्टी तोंडातून काढली आणि फ्रॉकला पुसली.

“कशाला?” ती म्हणाली, मराठीत. “बरोबर आहे की.”

कुणी हसलं नाही. श्यामराव दारातून आत आले आणि भिंतीला टेकून बसले, घाई नसल्यासारखे.

नियमाने मी उठून उत्तर द्यायचं होतं, बसूनच दिलं होतं. “बाई, उठा ना,” मुलं मागून ढोसत होती. मला उठवेना. तिने वाजवली असती तर आमची फिटंफाट झाली असती.

(हा फाडायचा नाही. हस्तलिखितात हाच लावायचा.)