बारा सेकंद

"तीन लागतात, बाई," रस्तेखात्यातला कारकून अर्ज परत सरकवत म्हणाला. "तीन वर्षांत एकाच जागी तीन माणसं दगावली की सिग्नल मंजूर होतो. तुमच्याकडे दोनच आहेत."

माणूस वाईट नव्हता. नियम काही त्याने केलेला नव्हता, पण तो सांगताना त्याची मान वर झाली नाही.

आयाबाई पंधरा वर्षं दवाखान्यात स्ट्रेचर ढकलत होती. तिची वस्ती रस्त्याच्या अलीकडे. नळ, शाळा, दवाखाना सगळं पलीकडे. मध्ये सहापदरी रस्ता. जीव मुठीत धरून पळायचं, एवढाच तिथला नियम. हा तिचा सहावा अर्ज. नवरा पंक्चर काढायचा. तो तिची थट्टा करी, की एवढी पत्रं मला लिहिली असतीस तर लग्न दोन वर्षं आधी झालं असतं. पण सह्या गोळा करायला दारोदार हिंडायचा तोच.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, तिला अपघात विभागातून हाक आली. गाडीतून माणूस उतरवताना तिने सवयीने पाय धरले. चेहरा मग पाहिला. कोणीतरी स्ट्रेचर तिच्या हातून घ्यायला पुढे झालं. तिने दिलं नाही. पार शवागारापर्यंत तिनेच ढकलत नेलं.

काही आठवड्यांनी कारकून स्वतः वस्तीत आला. मंजुरीचा कागद तिच्या हातात द्यायचा त्याला धीर होईना; दारातल्या स्टुलावर ठेवून तो निघून गेला. सासूला कमी ऐकू येई. तिने काय झालं म्हणून विचारलं.

"सिग्नल मंजूर झाला, आत्या."

म्हातारीने स्टुलावरचा कागद बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "म्हणजे तिसरा माझा लागला होय त्यांना."

सिग्नल सुरू झाला त्या दिवशी आयाबाईने सासूचा हात धरला. हिरवा माणूस पेटला, दोघी निघाल्या. निम्म्या रस्त्यात तो विझला. हॉर्न सुरू झाले. म्हातारीचे पाय जागीच खिळले. आयाबाईने तिला पाठीशी घेतलं आणि गाड्यांसमोर तळहात उभा धरून पावलापावलाने पलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारकुनासमोर उभी होती.

"बारा सेकंद पुरत नाहीत," ती म्हणाली. "म्हातारी माणसं मध्येच राहतात. पंचवीस करा."

तो उठला, स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. हळूच म्हणाला, "साहेब म्हणतील, गाड्या खोळंबतात."

"खोळंबू देत."

ती खुर्चीत बसली नाही. अर्जावर आवक शिक्का पडेपर्यंत टेबलासमोर उभी राहिली, पोच नीट घडी करून पिशवीत ठेवली, आणि दुपारच्या पाळीला गेली.