तीन नंबरचं बटण

२००३ साली रत्नागिरीत रेहानभाईंच्या सायबर कॅफेत सहा कॉम्प्युटर होते आणि तिथे काम करणाऱ्या नबीलाचा जीव त्या सहांत अडकलेला होता. आखातात नवरे असलेल्या बायका चिठ्ठ्या पाठवायला तिथे येत. त्यांना टायपिंग कुठून येणार? म्हणून नबीलाने प्रोग्रॅम लिहिला. तयार वाक्यांची बटणं दाबायची की चिठ्ठी तयार, आणि 'पाठवा' दाबलं की ई-मेल गेला. कोणाची चिठ्ठी वाचणार नाही, असा तिने बायकांना शब्द दिला होता. कुठलं बटण किती वेळा दाबलं, एवढंच प्रोग्रॅम मोजायचा. 'इकडे सगळं बरं आहे' कायम पहिलं.

त्या वर्षी तिने 'तुम्ही कधी येणार?' हे नवं बटण घातलं. एकदम सगळीकडे देऊन फजिती नको, म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये ते फक्त तीन नंबरच्या मशीनला चालू ठेवलं. आठवड्याने आकडे पाहिले. नऊ वेळा दाबलं होतं. लगेच पाठोपाठ 'पुसा', तेही नऊ वेळा.

"कोण पाठवत नाय, तर काढून टाक," रेहानभाई म्हणाले. माणूस भला, पण आकडा अर्धाच वाचायची खोड.

शुक्रवारी दुपारी नबीलाची अम्मी, सुरय्या, तीन नंबरला बसली. नबीलाच्या पडद्यावर नवाचे दहा झाले. पुसलेलेही दहा. अब्बा कुवेतला जाऊन चार वर्षं झाली होती आणि अम्मीचं काही अडत नाही, असंच नबीला धरून चालली होती.

पुढच्या शुक्रवारी अम्मी यायच्या आधी तिने तीन नंबरचं 'पुसा' बंद करून ठेवलं. आगाऊपणाच, दुसरं काय! अम्मीने नवं बटण दाबलं आणि मान वर केली.

"नबीला गो, पुसायचा बटण कुठं गेला?"

"मी बंद केलाय. सांग, लगेच चालू करते."

सुरय्याने लेकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि 'पाठवा' दाबलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. नबीलाने ते अम्मीला वाचून दाखवलं. 'चार वर्षं लिहितेस, सगळं बरं आहे. मला वाटलं, तुम्हाला माझ्यावाचून राहायची सवय झाली. तू विचारायची वाट बघत होतो. मे महिन्यात येतो.'

"आधी बोलायला काय झालं व्हतं ह्यांना!" सुरय्या हसता हसता रडली.

नबीलाने 'पुसा' परत चालू केलं आणि नवं बटण सहाही मशीनना दिलं. अम्मी मात्र खुर्चीतून उठेना.

"'आंबे राखून ठेवते' असा बटण हाय काय गो?"

नव्हतं. नबीला तिथेच लिहायला बसली.