ठणठणीत

माशी कसली, कोंबड्याच्या पिसाचा तुकडा आणि गळाला गुंडाळलेला काळा दोरा... आणि हिला खरी समजून तळ्यातला ट्राउट मासा झडप घालतो म्हणे. एवढ्याशा खोट्याला भुलतो, मूर्ख! ज्ञानेशने माशी पाण्यावर भिरकावली ती अशी, की शेजारी उभा असलेला डेक्लन, त्याच्या वॉर्डातला नर्स, दोन पावलं मागे सरला.

सकाळी आयर्लंडमधल्या नासहून, राहत्या गावाहून, निघतानाच पुण्याहून आईचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध, येतोस ना? वर्षभर तो नंदकुमारशी, सख्ख्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोलला नव्हता. बोलणार कसा? बाबा तीन आठवडे हॉस्पिटलात होते, आणि दादाने कळवलं कधी, तर ज्ञानेशची इथली डॉक्टरकीची परीक्षा संपल्यावर, अस्थीसुद्धा विसर्जित झाल्यावर. का, तर पोराचा अभ्यास बुडेल! रोज परक्यांच्या मुलांना खुर्चीत बसवून, तुमचे वडील यातून उठणार नाहीत, असं तोंडावर सांगणारा मी — आणि माझ्याच बापाची बातमी मला शिळी वाढली. हा राग त्याने वर्षभर जिवापाड जपला होता.

आणि आज आई म्हणाली, "दादावर नको रे राग धरूस. ह्यांनीच शपथ घातली होती आम्हाला."

तळ्याकडे येताना चढणभर डेक्लन बोलत होता, हवा ग्रँड आहे, तळं ग्रँड आहे, एवढा ढग सरू दे. ज्ञानेशचे बूट चिखलात रुतत होते आणि कानात बाबांचे रविवारचे फोन... मी ठणठणीत आहे, तू अभ्यास कर. एकदा बोलताना त्यांना धाप लागली, तर म्हणे जिना चढून आलोय. जिना! ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलत होते, आईनेच आज सांगितलं, आणि दादा त्यांच्या कानाशी फोन धरून मुकाट उभा. आणि मी, छातीचा डॉक्टर, 'बरं' म्हणून फोन ठेवला होता...

दोरी ताणली. त्याने असा काही हिसका दिला, की ती तटकन तुटली आणि मासा गेला.

"मला विचारायचं तरी होतंत, बाबा," तो मोठ्याने म्हणाला.

डेक्लनने विचारलं, कोणाशी बोलतोयस? वडिलांशी भांडतोय, ज्ञानेशने सांगितलं. वडील गेले हे डेक्लनला ठाऊक होतं. नवी माशी बांधता बांधता, वर न बघता, त्याने विचारलं, "जिंकतोयस का?"

ज्ञानेशने तुटलेली दोरी गुंडाळून घेतली. दादाशी भांडणं सोपं होतं. दादा होता, त्याचा फोन उचलला नाही की त्याला लागत होतं. हा माणूस स्वतःच सगळं ठरवून, सगळ्यांना शपथा घालून निघून गेला, आता याला गाठायचा कुठे? आणि तो फोन धरून उभा असताना दादा कुठे बघत असेल... दादावर काय बेतलं असेल, हे वर्षभरात एकदाही मनात आलं नव्हतं. राग ओसरला नव्हता, उलट छातीत मावत नव्हता. पण आता त्यात दादा नव्हता, आणि दादाशिवाय तो राग एकट्याने पेलवेना.